कुंपणावरचा फलक आणि दप्तरातली वही: इंग्लंडमधली माध्यमिक शाळा कशी पारखायची

दरवर्षी सप्टेंबर लागला की मला फोन यायला लागतात. स्लाऊहून, मिल्टन कीन्सहून, हाउन्स्लोहून. मूल इयर सिक्समध्ये, म्हणजे प्राथमिकच्या शेवटच्या वर्षात, गेलेलं असतं, ३१ ऑक्टोबरच्या आत माध्यमिक शाळांचा पसंतीक्रम कौन्सिलकडे भरून द्यायचा असतो आणि आईबाबांची झोप उडालेली असते. असाच एका मैत्रिणीचा फोन आला. "ताई, शाळेच्या कुंपणावर हा एवढा मोठा फलक लावलाय, 'ऑफस्टेड आउटस्टँडिंग'. मग डोळे झाकून तीच पहिल्या नंबरवर टाकू ना?"

"फलकावर साल कोणतं आहे?" मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी शाळेवरून जाताना तिने फोटो काढून पाठवला. साल नव्हतं. मग फोनवर बोलत बोलतच आम्ही दोघींनी ऑफस्टेडच्या, म्हणजे शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेच्या, संकेतस्थळावर अहवाल शोधला. तो २०२२ चा निघाला. तिचा मुलगा तेव्हा अजून अक्षरं गिरवत होता. तेव्हाच्या हेडटीचर आता त्या शाळेत नाहीत, आणि ज्या पद्धतीने ती तपासणी झाली ती पद्धतही आता राहिलेली नाही.

मी इथल्या एका सरकारी माध्यमिक शाळेची सहा वर्षं गव्हर्नर होते. आपल्याकडच्या शाळा समितीच्या सदस्यासारखं हे काम. पगार नाही, पण शाळेचा पैसा, कारभार आणि शिकवण्याचा दर्जा यांवर लक्ष ठेवायचं, हेडटीचरना प्रश्न विचारायचे. त्या काळात आमच्या शाळेची एक तपासणी झाली. तिच्या आधीची धास्ती आणि नंतरची शांतता मी आतून पाहिली. तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालंय. शेरा देणारी माणसं शाळेत दोन दिवस असतात. मूल तिथल्या अभ्यासक्रमाबरोबर पाच वर्षं राहतं. म्हणून अहवाल जरूर वाचा, पण शेऱ्यासाठी कमी आणि अभ्यासक्रम कळावा म्हणून जास्त. ते कसं करायचं, तेवढंच इथे सांगते.

तपासणी कोण करतं, आणि कशाची

हे सगळं फक्त इंग्लंडचं आहे. वेल्समध्ये एस्टिन आहे, स्कॉटलंडचीही तपासणी वेगळी, आणि त्यांची पद्धतही वेगळी. कार्डिफला राहणाऱ्या वहिनीचा सल्ला रेडिंगमध्ये चालत नाही तो यामुळे.

इंग्लंडमध्ये सरकारी तपासनीस पहिल्यांदा नेमले गेले ते १८३९ मध्ये, दोनच माणसं. आजचं ऑफस्टेड १९९२ च्या कायद्याने आलं. पण या दोन तारखांच्या मध्ये जे घडलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून थोडं थांबून सांगते.

१८६२ मध्ये रॉबर्ट लो शिक्षण खातं सांभाळत असताना 'निकाल पाहून अनुदान' ही पद्धत आली. प्रत्येक मुलामागे हजेरीचे ४ शिलिंग आणि परीक्षेचे ८ शिलिंग. तपासनीस शाळेत येऊन एकेका मुलाची वाचन, लेखन आणि अंकगणित अशी परीक्षा घ्यायचा, आणि मूल ज्या विषयात नापास होईल त्या प्रत्येकाचे २ शिलिंग ८ पेन्स शाळेच्या अनुदानातून कापले जायचे. परिणाम काय झाला असेल ते कुठल्याही शिक्षकाला विचारा. शाळांनी तीनच विषय घासूनपुसून लख्ख केले. इतिहास, भूगोल मागे पडले. वाचनाचं पुस्तक वर्षभर तेच असायचं, त्यामुळे मुलं ते तोंडपाठ करून 'वाचून' दाखवायची. मॅथ्यू अर्नोल्ड हे मोठे कवी, पण पोटासाठी त्यांनी पस्तीस वर्षं शाळा तपासल्या. त्यांनी आपल्या सरकारी अहवालांतूनच या यांत्रिकपणावर सतत टीका केली. पुढे आपल्या मुंबई इलाख्यातल्या अनुदानित शाळांनाही असंच निकालावर अनुदान मिळू लागलं. त्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडने ही पद्धत सोडली.

शाळेत जे मोजलं जातं तेच जोमाने शिकवलं जातं, हे तेव्हा दिसलं आणि आजही दिसतं. साताऱ्याजवळच्या आमच्या गावच्या शाळेत साहेब येणार म्हटलं की भिंतींना चुना लागायचा आणि हुशार मुलं पहिल्या बाकावर यायची. आम्ही मुलं त्या दिवशी श्वास रोखून बसायचो. इंग्लंडमध्ये आल्यावर मला कळलं की हे शाळांचं दुखणं सगळीकडचं आहे.

शेऱ्यांचे तीन काळ

आज तुम्ही एखाद्या शाळेचा अहवाल उघडलात तर तो तीनपैकी कुठल्यातरी एका काळातला असेल, आणि काळ ओळखल्याशिवाय शेऱ्याला अर्थ नाही.

सप्टेंबर २०२४ च्या आधीच्या अहवालात संपूर्ण शाळेला एकच शेरा असे: आउटस्टँडिंग, गुड, रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट किंवा इनअॅडिक्वेट. हा एक शब्द घराच्या किमतींपासून शिक्षकांच्या नोकऱ्यांपर्यंत सगळं हलवायचा. रेडिंगमधल्या एका प्राथमिक शाळेच्या हेडटीचर रूथ पेरी यांनी जानेवारी २०२३ मध्ये जीव दिला. त्यांच्या शाळेचा शेरा आउटस्टँडिंगवरून थेट इनअॅडिक्वेटवर आला होता, मुख्यतः मुलांच्या सुरक्षिततेच्या नोंदींमधल्या त्रुटींमुळे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कॉरोनरने, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, निकाल दिला की तपासणीचा त्यांच्या मृत्यूला हातभार लागला. त्या आठवड्यात आमच्या शाळेच्या बैठकीत कुणी फारसं बोललं नाही. आमच्या हेडटीचर एवढंच म्हणाल्या, "तपासणीचा फोन येतो तो दिवस आम्हा सगळ्यांना माहीत आहे."

सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांचा तो एक शब्दाचा एकूण शेरा बंद झाला आणि वर्षभर फक्त वेगवेगळ्या बाजूंचे शेरे दिले गेले. मग नोव्हेंबर २०२५ पासून 'रिपोर्ट कार्ड' आलं. आता समावेशकता, अभ्यासक्रम व अध्यापन, विद्यार्थ्यांची प्रगती, हजेरी व वर्तन, व्यक्तिमत्त्व विकास व स्वास्थ्य, नेतृत्व व कारभार अशा प्रत्येक बाजूला स्वतंत्र शेरा असतो, आणि शाळेत सिक्स्थ फॉर्म (सोळा ते अठरा वयाचे वर्ग) असेल तर त्यालाही. पायऱ्या पाच: एक्सेप्शनल, स्ट्राँग स्टँडर्ड, एक्स्पेक्टेड स्टँडर्ड, नीड्स अटेन्शन आणि अर्जंट इम्प्रूव्हमेंट. मुलांच्या सुरक्षिततेला पायऱ्या नाहीत. निकष पाळले किंवा पाळले नाहीत, एवढंच.

इथे आपल्या लोकांची एक गफलत होते. 'एक्स्पेक्टेड स्टँडर्ड' वाचलं की आपल्या डोक्यात 'साधारण, काठावर पास' असं येतं. तसं नाही. कायद्याने आणि सरकारी मार्गदर्शनाने शाळेकडून जे जे अपेक्षित आहे ते ती करते, असा त्याचा अर्थ आहे, आणि ती अपेक्षा बरीच वरची आहे. रिपोर्ट कार्डवर चार ठिकाणी 'एक्स्पेक्टेड' असलेली शाळा बघून तोंड पाडू नका.

आणि जुन्या 'आउटस्टँडिंग'वर फार विसंबू नका. २०१२ ते २०२० या काळात आउटस्टँडिंग शाळांना नेहमीच्या तपासणीतून सूट होती. काही शाळांमध्ये दहा-दहा वर्षं कुणी तपासायला गेलंच नाही. सूट उठल्यावर २०२१-२२ या वर्षात अशा ३७० शाळांची पूर्ण तपासणी झाली आणि त्यांतल्या ३०८ शाळांचा तो शेरा गेला. शेकडा ८३. त्या शाळा रातोरात बिघडल्या नव्हत्या. काहींचा दर्जा खरंच घसरला होता, आणि मध्यंतरी २०१९ मध्ये तपासणीचा निकषही बदलला होता. तो बदल समजून घेणं सगळ्यात गरजेचं आहे, कारण तो अभ्यासक्रमाबद्दलच होता.

अभ्यासक्रम म्हणजे विषयांची यादी नव्हे

२०१९ च्या आधी तपासनीस प्रामुख्याने निकालाचे तक्ते आणि शाळेने बनवलेले आकडे बघायचे. तेव्हाच्या मुख्य तपासनीस अमांडा स्पीलमन यांचं म्हणणं होतं की शाळा परीक्षेसाठी शिकवतायत, मुलांचं शिक्षण आकसत चाललंय. म्हणून २०१९ पासून तपासनीस तीन गोष्टी विचारू लागले. तुम्ही मुलांना काय शिकवायचं ठरवलंय आणि का? ते वर्गात खरंच तसं शिकवलं जातं का? आणि शेवटी मुलांच्या डोक्यात काय उरतं?

आमच्या तपासणीत इतिहासाच्या बाईंच्या वाट्याला हे कसं आलं ते त्यांनी नंतर सांगितलं. तपासनिसांनी आधी त्यांच्याशी अर्धा तास बोलून घेतलं: हा धडा आधी का, तो नंतर का. मग दोन वर्गांत मागे बसून तास पाहिले. मग चार मुलांना आपापल्या वह्या घेऊन एका खोलीत बोलावलं आणि वही मिटून ठेवायला सांगून विचारलं, "गेल्या वर्षी शिकलात त्यातलं यंदा काय उपयोगी पडलं?" बाई दाराबाहेर उभ्या होत्या. म्हणाल्या, "माझ्या चोवीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि तोच खरा प्रश्न होता." ती एकेका विषयात खोल बुडी मारायची पद्धत आता नव्या चौकटीत राहिलेली नाही, पण प्रश्न राहिला आहे.

त्याचं उत्तर मी माझ्या मुलीच्या इयर एटच्या वहीत पाहिलं आहे. शरद ऋतूच्या सत्रात अटलांटिकवरच्या त्रिकोणी व्यापाराचा नकाशा: ब्रिटनहून माल पश्चिम आफ्रिकेला, तिथून गुलाम म्हणून विकलेली माणसं अमेरिकेला आणि कॅरिबियन बेटांवर, तिथून साखर आणि कापूस परत. मुलीने बाण लाल पेनाने काढले होते. नाताळानंतर त्याच वहीत लँकेशायरच्या कापड गिरण्या, गिरणीत काम करणारी मुलं, कामाचे तास. मग एक पान अमेरिकेतल्या यादवी युद्धावर, १८६१ ते १८६५. दक्षिणेकडचा कापूस अडकला, लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या. आणि पानाच्या खाली बाईंनी छापून चिकटवलेला प्रश्न: "आता कापूस कुठून येणार?" मुलीने पहिला नकाशा उलटून पाहिला, तिथे उत्तर नव्हतं, म्हणून ती माझ्याकडे आली.

मग मी तिला सांगितलं की त्या चार वर्षांत मुंबईत कापसाचा भाव गगनाला भिडला, पैशाचा पूर आला, आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये सगळं कोसळलं. पुढे आपल्याच शहरात गिरण्या वाढल्या, आणि त्यांतल्या परळच्या एका गिरणीत तुझे पणजोबा साच्यावर उभे राहायचे. ती बराच वेळ वही बघत बसली.

हा अभ्यासक्रम आहे. नकाशा आधी आला नसता तर गिरण्यांचा कापूस आकाशातून पडल्यासारखा वाटला असता. गिरण्या आधी आल्या नसत्या तर युद्धाचं पान नुसतं पाठांतर झालं असतं. भिंत बांधताना गवंडी जसा एक थर सुकू देतो आणि मग पुढचा चढवतो, तसं हे काम आहे. हेच तीन विषय कुठल्याही क्रमाने 'झाले' असं दाखवता येतं, आणि कागदावर तशी शाळा आणि क्रम जपणारी शाळा सारखीच दिसते.

प्रत्येक सरकारी शाळेला आपला अभ्यासक्रम विषयवार आणि वर्षवार संकेतस्थळावर टाकावा लागतो. बहुतेक पालक तो कधीच उघडत नाहीत. उघडा. आपल्याला ज्याची माहिती आहे असा एकच विषय घ्या, गणित, विज्ञान, भूगोल, काहीही, आणि इयर सेव्हन ते नाइन क्रमाने वाचा. पुढचा भाग मागच्यावर उभा आहे का, एवढंच बघा. एका संध्याकाळचं काम आहे.

तेराव्या वर्षी बंद होणारी दारं

इंग्लंडमध्ये माध्यमिक शाळेचे दोन टप्पे आहेत. इयर सेव्हन ते नाइन म्हणजे साधारण ११ ते १४ वयापर्यंत मूल सगळे विषय शिकतं: इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल, परकीय भाषा, संगीत, चित्रकला, संगणक, तंत्रकला, खेळ वगैरे. इयर टेन आणि इलेव्हनमध्ये जीसीएसईसाठी, म्हणजे सोळाव्या वर्षाच्या सुमारास होणाऱ्या विषयवार परीक्षांसाठी, विषय निवडायचे, आणि निवडीत जो विषय सुटतो तो बहुधा कायमचा सुटतो. गुण ९ ते १ असे मिळतात. ४ म्हणजे पास, ५ म्हणजे चांगला पास, आणि ७ म्हणजे साधारण जुना 'ए'.

ही निवड कधी होते, हा तुमचा पहिला प्रश्न असायला हवा. काही शाळांनी जीसीएसईला तीन वर्षं मिळावीत म्हणून निवड इयर एटमध्येच उरकायला सुरुवात केली. म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा इतिहास, संगीत किंवा फ्रेंच तिथेच संपतं. निकालाचे आकडे त्यामुळे थोडे बरे दिसत असतीलही. पण मूल एक अख्खं वर्ष गमावतं आणि ते कुठल्याही तक्त्यात दिसत नाही. ऑफस्टेडने यावर नाराजी दाखवल्यावर बऱ्याच शाळा मागे आल्या, सगळ्या नाहीत. आणखी एक गोष्ट: इंग्लंडमधल्या बहुसंख्य माध्यमिक शाळा आता अकॅडमी आहेत, म्हणजे सरकारी पैशावर पण कौन्सिलच्या ताब्याबाहेर चालणाऱ्या शाळा, आणि अकॅडमीला राष्ट्रीय अभ्यासक्रम जसाच्या तसा पाळण्याचं बंधन नव्हतं, फक्त 'व्यापक आणि समतोल' शिकवण्याचं होतं. म्हणून 'सगळीकडे सारखंच असेल' असं धरून चालू नका.

दुसरा प्रश्न गणिताच्या वर्गवारीचा. इथे मुलांना त्यांच्या गतीप्रमाणे 'सेट'मध्ये बसवतात. जीसीएसईचं गणित दोन पातळ्यांवर असतं, फाउंडेशन आणि हायर. फाउंडेशनचा पेपर दिला तर जास्तीत जास्त ५ मिळू शकतात, मूल कितीही चांगलं लिहो. आपल्या मुलाला खालच्या सेटमध्ये टाकलं तर वर यायची वाट आहे का, वर्षातून कितीदा बदल होतात, फाउंडेशनचा निर्णय कधी आणि कोण घेतं, हे विचारा. विज्ञानाचंही तसंच. कम्बाइन्ड सायन्स म्हणजे दोन जीसीएसई, ट्रिपल म्हणजे भौतिक, रसायन, जीव असे तीन वेगळे. ट्रिपल सगळ्यांना खुलं आहे की निवडक मुलांनाच, हे शाळेशाळेवर आहे.

भाषेचा विषय निघालाच आहे तर मनातलं बोलते. गुजराती, पंजाबी, बंगाली, उर्दू या भाषांची जीसीएसई देता येते, आणि घरी ती भाषा बोलणाऱ्या मुलाला एक हक्काचा चांगला गुण मिळतो. मराठीची जीसीएसई नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, रविवारच्या मराठी शाळा ठिकठिकाणी चालतात, मुलं बाराखडी शिकतात, आणि इयर नाइनमध्ये आल्यावर 'याचा उपयोग काय' म्हणून यायची बंद होतात. माझ्या डोळ्यांसमोर तीन पोरं अशी गळली. यासाठी परीक्षा मंडळांकडे आपण एकत्र मागणी करायला हवी असं मला मनापासून वाटतं.

आकडे: काय बघायचं, कशाला भुलायचं नाही

शाळांचे निकाल सरकारच्या तुलनात्मक संकेतस्थळावर सगळ्यांना बघता येतात. तिथे 'अटेनमेंट एट' दिसेल. आठ विषयांच्या गुणांची ही बेरीज, इंग्रजी आणि गणिताला दुप्पट वजन, म्हणून कमाल ९०. हा आकडा शाळेपेक्षा शाळेत येणाऱ्या मुलांबद्दल जास्त सांगतो. देशात १६३ ग्रामर स्कूल आहेत आणि त्या इलेव्हन प्लसची परीक्षा घेऊनच मुलं घेतात. त्यांचा अटेनमेंट एट उंच असणारच. निवडून आणलेल्या आंब्यांची पेटी गोड निघाली तर त्याचं श्रेय पेटीला किती द्यायचं?

म्हणून २०१६ पासून 'प्रोग्रेस एट' आलं. हे मूल इयर सिक्समध्ये जिथे होतं, तिथूनच सुरुवात केलेल्या देशभरातल्या मुलांच्या तुलनेत ते पुढे गेलं की मागे पडलं, असं ते मोजतं. शून्य म्हणजे सरासरीइतकं. अधिक अर्धा म्हणजे प्रत्येक विषयात सरासरी अर्धा गुण जास्त. मला हा आकडा जास्त न्याय्य वाटतो. साध्या वस्तीतली, कुंपणावर फलक नसलेली एखादी शाळा इथे नामांकित शाळेच्या पुढे दिसते.

पण दोन अडचणी आहेत. एक म्हणजे २०२५ आणि २०२६ च्या निकालांसाठी प्रोग्रेस एट काढताच येत नाही, कारण त्या मुलांच्या इयर सिक्सच्या परीक्षा २०२० आणि २०२१ मध्ये कोविडमुळे झाल्याच नव्हत्या. दुसरी म्हणजे हा आकडाही फुगवता येतो. काही वर्षांपूर्वी अनेक शाळांनी संगणक वापराची एक सोपी पात्रता परीक्षा, युरोपियन कम्प्युटर ड्रायव्हिंग लायसन्स, घाऊक प्रमाणात मुलांकडून देऊन घेतली. काही दिवसांत शिकवून होणारी ती परीक्षा तक्त्यात एका जीसीएसईइतकी मोजली जायची. २०१८ पासून ती तक्त्यातून काढली आणि शाळांनी ती घेणंही सोडलं. १८६२ च्या शिलिंगांची आठवण होते ती इथे.

उलट बाजूनेही मोजमापाचा दाब येतो. २०१० मध्ये सरकारने 'इबॅक' नावाचा गट ठरवला: इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास किंवा भूगोल, आणि एक परकीय भाषा. शेकडा ९० मुलांनी हे विषय घ्यावेत अशी महत्त्वाकांक्षा होती, ती कधीच साधली नाही, पण तेवढ्यात संगीत, नाटक, तंत्रकला यांची बरीच गळचेपी झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्राध्यापक बेकी फ्रान्सिस यांच्या समितीचा अभ्यासक्रमाविषयीचा अहवाल आला आणि सरकारने इबॅकचा मापदंड काढून टाकायचं जाहीर केलं. तुमचं मूल कलेकडे झुकणारं असेल तर शाळा याचं काय करणार आहे, हे नक्की विचारा.

एक बारीक गोष्ट मात्र मी प्रत्येकीला बघायला सांगते: इयर टेनमध्ये किती मुलं होती आणि इयर इलेव्हनमध्ये किती राहिली. दोनचार कमी झाली तर घरं बदलतात, लोक जातात. पण दरवर्षी बरीच कमी होत असतील तर निकाल बिघडवतील अशा मुलांना परीक्षेआधी हळूच बाहेरची वाट दाखवली जाते का, अशी शंका घ्यायला जागा आहे. याला 'ऑफ-रोलिंग' म्हणतात आणि ऑफस्टेड ते गंभीर मानतं.

अहवाल उलटा वाचा

रिपोर्ट कार्डच्या आधीचा अहवाल असेल तर शेवटून सुरुवात करा. शेवटी 'सुधारणेसाठी शाळेने काय करायला हवं' असा भाग असतो. तिथे एक वाक्य वारंवार भेटतं, साधारण अशा अर्थाचं: काही थोड्या विषयांत अभ्यासक्रमाची आखणी अजून पक्की नाही, त्यामुळे मुलांचं ज्ञान हवं तसं बांधलं जात नाही. हे वाक्य गुळगुळीत असल्याने नजरेतून सुटतं. ओपन ईव्हनिंगला, म्हणजे शाळा पालकांना बघायला खुली असते त्या संध्याकाळी, हेडटीचरना सरळ विचारा, "ते विषय कोणते होते आणि तेव्हापासून काय केलंत?" चांगली हेडटीचर विषयांची नावं सांगते, त्या शिक्षिकेकडे तुम्हाला घेऊन जाते. आमच्या तपासणीत तपासनिसांनी आम्हा गव्हर्नरांनाही नेमकं हेच विचारलं होतं: भाषा घेणारी मुलं कमी का, आणि तुम्हाला हे कधी कळलं? आमच्यातल्या दोघांना उत्तर देता आलं नाही. पुढची दोन वर्षं आम्ही प्रत्येक बैठकीत तो मुद्दा घेतला.

शक्य असेल तर ओपन ईव्हनिंगपेक्षा दिवसा, शाळा चालू असताना जा. बहुतेक शाळा ऑक्टोबरमध्ये असे दौरे ठेवतात, आधी फोन करून नाव द्यावं लागतं. तुम्हाला शाळा दाखवायला मुलंच असतात. त्यांना विचारा की गणिताला यंदा किती शिक्षक बदलले. बदली शिक्षकांवर चालणारा विषय कुठल्याही अहवालात तितका स्पष्ट दिसत नाही जितका नववीतलं पोर सांगतं.

पसंतीक्रमाबद्दलही एक भीती काढून टाका. तुम्ही शाळा कितव्या नंबरवर लिहिलीत हे बघून शाळा प्रवेश देत नाहीत. त्या आपल्या निकषांनी, अंतर, भावंडं वगैरे पाहून यादी लावतात. मग तुम्ही ज्या ज्या शाळांत बसता त्यांपैकी तुमच्या यादीत सगळ्यात वर असलेली शाळा १ मार्चला मिळते. म्हणून मनातली शाळाच वर लिहा, पण आपण नक्की बसू अशी जवळची एक शाळा यादीत ठेवाच.

मैत्रीण फलकवाल्या शाळेत आणि जवळच्या आणखी एका शाळेत दिवसा जाऊन आली. फलकवाल्या शाळेत स्वागत छान झालं, प्रयोगशाळा नव्या होत्या, विषयनिवड इयर एटच्या शेवटी. दुसऱ्या शाळेचा अहवाल साधा होता. तिथे शाळा दाखवणारी मुलगी भूगोलाची खोली दाखवताना थांबली, स्वतःची वही उघडून म्हणाली, "हा नदीचा आडवा छेद आम्ही सेव्हनमध्ये काढला होता, आणि आता पुरांचा अभ्यास करताना बाईंनी परत तोच काढायला लावला, वहीत बघायचं नाही म्हणाल्या." मैत्रिणीच्या मुलाने वही हातात घेऊन ती दोन्ही चित्रं शेजारी शेजारी धरून पाहिली.

फॉर्म तिने २९ ऑक्टोबरला भरला. फलकवाली शाळा त्यात दुसऱ्या नंबरवर आहे.